हनुवटी इथे ठेवा

डोळ्यांच्या दवाखान्यातून बाहेर पडणाऱ्या माणसाला आत शिरताना दिसत होते त्यापेक्षा कमी दिसत असते, ही गोष्ट ऐकायला विचित्र वाटली तरी रोजच्या अनुभवातली आहे. बाहुल्या मोठ्या करणारे थेंब घातलेले असतात, रस्त्यावरचे ऊन डोळ्यांत घुसत असते, मोबाइलवरची अक्षरे लागत नसतात आणि नेमक्या त्याच अवस्थेत आपण बिलाच्या खिडकीपाशी सही करून, चिठ्ठीची घडी घालून रिक्षा शोधत उभे असतो. हाडांच्या डॉक्टरांकडे गेलेला माणूस निदान डॉक्टरांचा चेहरा पाहून काही अंदाज बांधू शकतो. डोळ्यांच्या डॉक्टरांसमोर मात्र खोलीत अंधार केलेला असतो, हनुवटी एका खाचेत ठेवलेली असते, कपाळ पट्टीला टेकलेले असते आणि समोरून येणाऱ्या प्रकाशामागे डॉक्टरांचा चेहरा दिसतच नाही. ऐकू येतो तो फक्त त्यांचा आवाज, आणि तोही त्यांनी तोंड उघडले तर.

मला चौथीत असताना चष्मा लागला आणि कॉलेजात जाईपर्यंत नंबर उणे आठच्या पुढे गेला. पुढे बाबांना काचबिंदू निघाला, आईच्या दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया झाल्या, भाचीच्या तिरळेपणासाठी तिला घेऊन हिंडावे लागले. मिरज, सांगली आणि पुणे इथल्या लहानमोठ्या नेत्रालयांच्या बाकांवर माझ्या आयुष्यातला बराच वेळ गेला आहे. त्यातून माझे असे मत झाले आहे की, डोळ्यांच्या तपासणीचा अनुभव चांगला की वाईट हे बहुतेक वेळा तिथे कोण काय बोलले आणि कोणत्या क्षणी बोलले यावर ठरते. यंत्रे आता तालुक्याच्या गावीही पुष्कळशी तीच आली आहेत.

नंबर काढण्याचीच गोष्ट घ्या. भिंतीवरचा तो तक्ता हर्मन स्नेलेन या डच डॉक्टरांनी १८६२ मध्ये तयार केला आणि थोड्याफार फरकाने तोच आजही चालतो. सहा मीटरवरून निरोगी डोळ्याला जी ओळ वाचता यायला हवी ती वाचता आली तर दृष्टी ६/६, आणि साठ मीटरवरूनही दिसायला हवे असे वरचे एकुलते एक मोठे अक्षर तेवढे सहा मीटरवरून दिसत असेल तर ६/६०. शहरातल्या गाळ्यांत सहा मीटर लांबीची खोली परवडत नाही, म्हणून पुष्कळ ठिकाणी तक्ता रुग्णाच्या डोक्यामागे टांगून समोर आरसा लावतात. मराठी अक्षरांचा तक्ता असतो, इंग्रजीचा असतो, आणि ज्यांना अक्षरओळख नाही त्यांच्यासाठी चारी दिशांना तोंड केलेल्या इंग्रजी ‘ई’चा असतो, ज्याचे दाते जिकडे असतील तिकडे बोटे करून दाखवायची असतात.

या तक्त्यासमोर बसलेला जवळपास प्रत्येक माणूस परीक्षेला बसल्यासारखा वागतो. तो पुढे झुकतो, डोळे बारीक करतो, अंदाजाने अक्षर ठोकून देतो आणि उत्तर बरोबर आले का हे पाहण्यासाठी तपासणाऱ्याकडे वळून बघतो. शाळेतल्या तपासणीत तर रांगेतल्या पाचव्या-सहाव्या मुलापर्यंत पोहोचेतो ती ओळ सगळ्यांना पाठ झालेली असते. मोठी माणसेही उजव्या डोळ्याने वाचलेली ओळ डाव्या डोळ्याने निम्मी आठवणीतून म्हणतात, म्हणून जाणता तपासनीस दुसऱ्या डोळ्याच्या वेळी ओळ उलट्या बाजूने वाचायला सांगतो. खरे म्हणजे इथे उत्तीर्ण होण्यात तोटाच असतो, कारण खोटी पास झालेली ओळ पुढे वर्षभर नाकावर वागवावी लागते.

यंत्राने काढलेला नंबर हा नुसता पहिला अंदाज असतो. त्या यंत्रात डोळा लावला की दूरवरच्या रस्त्याच्या टोकाशी एक घर किंवा आकाशातला फुगा दिसतो, तो धूसर होतो, स्पष्ट होतो आणि खालून एक छापील पट्टी बाहेर येते. तीच पट्टी घेऊन काही जण थेट चष्म्याच्या दुकानात जातात आणि मग महिनाभर डोके दुखते म्हणून तक्रार करतात. पक्का नंबर ठरतो तो त्यानंतर, नाकावर ती जड गोल चौकट चढवून, पेटीतली भिंगे एकामागून एक बदलून आणि प्रत्येक वेळी तोच प्रश्न विचारून: हे बरं, की ते? शरीराची इतकी मोजमापे होतात, पण रुग्णाच्या तोंडच्या उत्तरावर इतके अवलंबून असलेले मोजमाप क्वचितच दुसरे असेल. आणि नेमके इथेच घाई होते. पुण्यात एका ठिकाणी माझ्या नाकावर चौकट चढवलेला तरुण भिंगे इतक्या वेगाने बदलत होता की, मी ‘ते’ म्हणेपर्यंत ‘ते’चे ‘हे’ झालेले असे. मी थांबले की तो सुस्कारा टाकी. दोन सुस्काऱ्यांनंतर मी, उगाच वेळ नको म्हणून, जे तोंडाला येईल ते सांगू लागले. त्या चष्म्याने जिन्याच्या पायऱ्या तिरक्या दिसत आणि शेवटी तो कपाटात गेला.

याच्या उलट अनुभव एका धर्मादाय रुग्णालयात आला, जिथे बाहेर दीडशे माणसे असावीत आणि आत जेमतेम विशीतली एक मुलगी नंबर काढत होती. दांडीला बसवलेले एक छोटे भिंग ती माझ्या डोळ्यासमोर धरून उलटसुलट करत होती, आणि मला दोन्हींत फरक कळत नव्हता. मी घुटमळताना पाहून ती म्हणाली, “दोन्ही सारखंच वाटलं तर सारखंच सांगा, काकू. सारखं वाटलं म्हणजे आपण बरोबर ठिकाणी आलो.” इतक्या वर्षांत हे मला कोणी सांगितले नव्हते. त्या भिंगाने तिरकस नंबरचा कोन ठरवतात आणि दोन्ही बाजूंनी अक्षर सारखेच धूसर दिसणे हीच तो कोन जमल्याची खूण असते, हे तिने भिंगे बदलता बदलता सांगून टाकले. मग लाल आणि हिरव्या पट्टीवरची अक्षरे दाखवताना तिने आधीच बजावले की, मला कोणता रंग आवडतो ते तिला नको आहे, कोणत्या पट्टीवरचे अक्षर जास्त काळे दिसते एवढेच हवे आहे. तिला त्या बोलण्याला फार तर मिनिटभर जास्त लागले असेल. तो चष्मा मी घासून घासून काच पांढरी होईपर्यंत वापरला.

लहान मुलांच्या बाबतीत हे न बोलणे जास्त महाग पडते. मुलांच्या डोळ्यांची जवळचे पाहण्याची ताकद इतकी असते की ती खरा नंबर लपवू शकते, म्हणून थेंब किंवा मलम घालून ती ताकद तात्पुरती सैल करून मगच नंबर काढतात. त्यासाठी अ‍ॅट्रोपिन वापरले तर त्याचा अंमल आठवडाभर, कधी दोन आठवडेही राहतो आणि तेवढे दिवस मुलाला वहीतले धड दिसत नाही. भाचीच्या वेळी हे माझ्या बहिणीला कोणी सांगितले नाही. तिसऱ्या दिवशी मुलीची घटक चाचणी होती, बाईंनी वहीत लाल शेरा मारला आणि घरात दोन दिवस रडारड झाली. पुढच्या खेपेला दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी औषध लिहिण्याआधी कॅलेंडरकडे पाहून पहिला प्रश्न विचारला, “शाळेला सुट्टी कधी आहे?” बहीण तिथेच त्यांची कायमची रुग्ण झाली, म्हणजे मुलगी रुग्ण, पण भक्त बहीण.

मोठ्यांच्या थेंबांचा अंमल चार-सहा तासांत ओसरतो, परंतु बाहुली पुरेशी मोठी व्हायला वीस मिनिटे ते अर्धा तास जातो, आणि गडद बुबुळांना किंवा जुना मधुमेह असलेल्यांना त्याहून जास्त वेळ लागतो व थेंब पुन्हा घालावे लागतात. हे एकदा सांगितले की माणूस समजून घेतो. न सांगितल्यामुळे बाकावर बसलेल्यांत कुजबुज सुरू होते, की आपल्यामागून आलेले आत गेले, वशिला आहे, साडेदहाची वेळ देऊन सव्वाबारा झाले. प्रत्यक्षात मागून आलेल्याला थेंबांची गरज नसते किंवा त्याची बाहुली लवकर उघडलेली असते. अर्थात सगळाच दोष गैरसमजाचा नाही. एकाच वेळेला आठ माणसांना बोलावणे ही काही ठिकाणची पद्धतच आहे आणि तिला कोणी चूक मानत नाही. पण मला सर्वांत जास्त नवल वाटले ते एका नव्या, चकचकीत नेत्रालयातल्या व्यवस्थेचे. तिथे टोकन क्रमांक भिंतीवरच्या पडद्यावर झळकत असे, आवाज बंद, आणि समोर बसलेल्या साऱ्या मंडळींच्या बाहुल्या थेंब घालून मोठ्या केलेल्या. प्रत्येक जण शेजाऱ्याला विचारी, “बघा हो, कितवा आहे?” आणि शेजारी डोळे चोळत म्हणे, “मलाही तेच विचारायचं होतं.” ती योजना ज्याने केली त्याच्या डोळ्यांत कधी कोणी थेंब घातले नसावेत.

दुचाकीवरून परत जाऊ नका, हे सांगणेही असेच राहून जाते. आणि त्याहून महत्त्वाचे, थेंब घालण्याआधी काचबिंदूची विचारपूस आणि डोळ्याच्या पुढच्या कप्प्याची तपासणी व्हायला हवी, कारण ज्यांच्या डोळ्यात पाण्याचा निचरा होण्याचा कोन फार अरुंद असतो त्यांना हे थेंब अपाय करू शकतात. पुष्कळ ठिकाणी हे पाहिले जाते, पण रुग्णाला ते पाहिले गेल्याचे कळत नाही.

उणे आठच्या पुढे नंबर गेला की डोळा लांबोळा झालेला असतो आणि आतला पडदा ताणला जातो, म्हणून वर्षातून एकदा मला पडद्याची तपासणी करून घ्यावी लागते. डॉक्टर डोक्याला दिवा बांधतात, हातात एक जाड भिंग धरतात आणि वर पाहा, उजवीकडे वर पाहा, खाली पाहा, नाकाकडे पाहा असे चौफेर फिरवत पडद्याच्या कडा न्याहाळतात. हेल्महोल्ट्झ यांनी डोळ्याच्या आत पाहण्याचे साधन १८५१ मध्ये जगापुढे आणले, तोवर जिवंत माणसाचा पडदा कोणी नीट पाहिलाच नव्हता. त्या अर्थाने ही तपासणी थोरच आहे. पण खाली निजलेल्या माणसाला ती थोर वाटत नाही, कारण प्रकाश इतका तीव्र असतो की पाणी वाहू लागते आणि नंतर बराच वेळ खोली जांभळट दिसते. कडेचा भाग पुढे आणण्यासाठी पापणीवरून एका बारीक उपकरणाने डोळा दाबतात. एका तज्ज्ञांनी मला काही न सांगता ते दाबले आणि मी दचकून मान फिरवली, तेव्हा “हलू नका, म्हणजे दुखणार नाही” एवढेच म्हणाले. मग ते शेजारच्या मदतनिसाला इंग्रजीत काहीबाही सांगत राहिले. त्यातला ‘लॅटिस’ हा शब्द तेवढा मला समजला आणि तो मोतीबिंदूपेक्षा भयंकर वाटला. बाहेर येऊन विचारले तर “सध्या काही करायचं नाही, सहा महिन्यांनी या” असे उत्तर मिळाले. ते सहा महिने मी रोज सकाळी एकेक डोळा झाकून घड्याळ दिसते का ते पाहत होते.

पुढच्या वेळी मी दुसरीकडे गेले. त्या डॉक्टर दाबण्याआधी म्हणाल्या, “आता थोडं दाबणार आहे, दुखेल, दहा म्हणेपर्यंत,” आणि स्वतः मोठ्याने एक, दोन, तीन मोजू लागल्या. दहाच्या आधी हात काढून घेतला. मग दिवा लावून चिठ्ठीच्या पाठीवर एक वर्तुळ काढले, त्याच्या कडेला दोन ठिकाणी रेघोट्या मारल्या आणि म्हणाल्या, “जुन्या साडीचा पोत काठाशी विरतो ना, तसा तुमचा पडदा इथे विरलाय. फाटलेला नाही. विरलेला असूनही पुष्कळांचा जन्मभर टिकतो.” ‘लॅटिस’ म्हणतात ते यालाच. त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. डोळ्यापुढे एकाएकी पुष्कळ काळे ठिपके किंवा जाळी दिसू लागली, अंधारात विजेसारखे चमकू लागले किंवा एका बाजूने काळा पडदा सरकत आला, तर अपॉइंटमेंटची वाट पाहायची नाही, त्याच दिवशी यायचे. तो कागद मी जपून ठेवला आहे. कार्यालयातल्या एका सहकारी बाईंनी एकदा डबा खाता खाता सकाळपासून डोळ्यात वीज चमकते असे सांगितले, तेव्हा मी त्यांना दुपारीच पाठवले. पडद्याला छेद निघाला, लेझरने तो बंद करता आला. हे त्यांच्या नेहमीच्या दवाखान्यात, जिथे त्या दर वर्षी नंबर तपासायला जात, त्यांना कोणी सांगितलेले नव्हते.

आता आईच्या मोतीबिंदूबद्दल. माझ्या आजीची शस्त्रक्रिया झाली तेव्हा डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या ठेवून तिला निश्चल निजवले होते आणि नंतर जाड भिंगांचा चष्मा आला, ज्यातून तिला समोरचे मोठे दिसे आणि बाजूचे दिसतच नसे. वास्तविक डोळ्याच्या आत कृत्रिम भिंग बसवण्याचे काम हॅरल्ड रिडली यांनी लंडनमध्ये १९४९ मध्येच केले होते. लढाऊ विमानांच्या पारदर्शक आवरणाचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत शिरूनही डोळा ते सोसतो, हे त्यांनी पाहिले होते. १९६७ मध्ये चार्ल्स केलमन यांनी दात स्वच्छ करण्याच्या यंत्रावरून स्फूर्ती घेऊन ध्वनिलहरींनी मोतीबिंदू फोडून बारीक छेदातून ओढून घेण्याची युक्ती काढली. हे सारे आमच्या आजीपर्यंत पोहोचायला मात्र उशीर झाला होता. आईपर्यंत ते पोहोचले होते, आणि त्याबरोबर पॅकेजही.

पहिल्या डोळ्यासाठी आम्ही एका खासगी रुग्णालयात गेलो. डॉक्टरांनी तीन-चार मिनिटे पाहिले आणि “काउन्सेलरशी बोलून घ्या” म्हणाले. काउन्सेलर म्हणजे एक गोड बोलणारी तरुणी, तिच्यासमोर प्लास्टिकचे वेष्टण घातलेले दरपत्रक. सर्वांत खाली साधे भिंग, त्यावर परदेशी, त्यावर लांबचे आणि जवळचे दोन्ही दाखवणारे. ती बोट वर वर नेत होती आणि आईच्या बाहुल्या थेंबांनी इतक्या मोठ्या झालेल्या होत्या की तिला दरपत्रक आहे हेसुद्धा दिसत नव्हते. तशातच तिच्या हातात इंग्रजी संमतिपत्र आणि पेन दिले गेले. आईने विचारले, “यात लेझर आहे का?” मुलगी “हो, तसंच” म्हणाली. ध्वनिलहरींच्या शस्त्रक्रियेला लोक सर्रास लेझर म्हणतात आणि तो गैरसमज दूर करण्यात कोणाचाच फायदा नसावा. “चष्मा कायमचा जाईल, आजी” या वाक्यावर आई भाळली. त्या भिंगामुळे रात्री दिव्यांभोवती कडी दिसू शकतात आणि मंद उजेडात अक्षर जरा फिके पडते, हे तिला शस्त्रक्रियेनंतर, तक्रार केल्यावर कळले. शस्त्रक्रिया वैद्यकीयदृष्ट्या उत्तम झाली होती, यात शंका नाही, आणि त्याच रुग्णालयाने रात्री अकरा वाजता केलेला फोन उचलून आईची धास्ती घालवली होती, हेही सांगितले पाहिजे. शस्त्रक्रियेच्या वेळी डोळा बहुधा फक्त थेंबांनी बधिर केलेला असतो आणि कान पूर्ण जागे असतात. आई म्हणाली, “रंगीत दिवे दिसत होते आणि ते दोघं सोसायटीच्या पार्किंगवरून बोलत होते. मला वाटलं, यांचं लक्ष आहे ना?”

दुसऱ्या डोळ्यासाठी तिने हट्टाने धर्मादाय रुग्णालय निवडले. तिथे गर्दी भयंकर होती. गावोगावच्या शिबिरांतून बसने आणलेल्या वृद्धांच्या रांगा, कपाळावर कोणत्या डोळ्याची शस्त्रक्रिया ते दाखवणारी चिकटपट्टी, स्वच्छतागृहाची अवस्था सांगण्यासारखी नाही. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ मध्ये सुरू झाला आणि योगायोगाने त्याच वर्षी डॉ. वेंकटस्वामी यांनी मदुराईत अकरा खाटांचे अरविंद नेत्र रुग्णालय उघडले. मोतीबिंदूचे काम मोठ्या संख्येने, कमी खर्चात आणि तरीही नीट करता येते हे देशाला दिसले ते अशा ठिकाणांमुळे. आपल्याकडे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तात्याराव लहाने यांच्या नावावर मराठवाड्यातून माणसे येत, ती त्याच विश्वासापोटी. पण गर्दीच्या ठिकाणी बोलायला वेळ नसतो, अशी माझी समजूत होती. तिथल्या शल्यविशारदांनी आईला कागद पाहण्याआधी विचारले, “आजी, दिवसभर काय करता?” आई म्हणाली, तांदूळ निवडते, पोथी वाचते, संध्याकाळी मालिका बघते. “गाडी चालवत नाही ना?” आई हसली. “मग लांबचं साध्या भिंगानं दिसेल, पोथीला चष्मा लावायचा. चालेल?” डोळ्यांच्या दवाखान्यात मी ऐकलेला हा सर्वांत चांगला प्रश्न आहे. भिंगाची निवड माणसाच्या दिवसावरून करायची असते आणि दिवस माहीत असतो तो त्या माणसालाच. शस्त्रक्रियेच्या वेळीही ते प्रत्येक पायरीआधी सांगत होते: आता गार पाणी लागेल, आता जरा जड वाटेल, आता संपलं. आईला आज दोन्ही डोळ्यांनी चांगले दिसते. तिच्या मते चांगला डोळा कोणता, हे विचारण्यात अर्थ नाही, कारण त्यात पार्किंगचा हिशेब मिसळलेला असतो.

बाबांची गोष्ट निराळी, कारण काचबिंदूत बहुतेक वेळा रुग्णाला काही होतच नसते. दुखत नाही, लाल होत नाही, समोरचे स्वच्छ दिसते; कडेकडेने नजर झिजत जाते आणि जी गेली ती परत येत नाही. बाबांना प्रथम सांगितले गेले ते एवढेच, की प्रेशर वाढले आहे, थेंब सुरू करा. बाबांनी थेंब सुरू केले आणि मीठ बंद केले. काही महिने घरात दोन भाज्या होत होत्या, एक आमची आणि एक बिनमिठाची. डोळ्यातला दाब आणि रक्तदाब या वेगळ्या गोष्टी आहेत, डोळ्यातला दाब साधारण पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटरच्या दरम्यान असतो आणि लोणचे सोडल्याने तो उतरत नाही, हे त्यांना तिसऱ्या भेटीत कळले. तेव्हा त्यांना राग आला तो डॉक्टरांचा नव्हे, लोणच्याविना गेलेल्या दिवसांचा. मलाही त्याच वेळी कळले की, आईवडिलांना काचबिंदू असेल तर मुलांनी स्वतःचीही तपासणी करून घ्यायची असते, आणि मोठा उणे नंबर असणाऱ्यांनी तर नक्कीच. इतकी वर्षे मी बाबांचे कागद सांभाळत त्यांच्या शेजारी बसत आले होते. माझ्या डोळ्यांकडे तोवर कोणी पाहिले नव्हते.

त्यांना सर्वांत जास्त धसका होता तो नजरेच्या कक्षेच्या तपासणीचा. एका पांढऱ्या वाडग्यासारख्या यंत्रात तोंड घालून मधल्या ठिपक्यावर नजर रोखायची, भोवताली कुठेही प्रकाशाचा ठिपका चमकला की हातातले बटण दाबायचे. यंत्र मुद्दाम दिवे इतके मंद करत जाते की दिसणे आणि न दिसणे यांची सीमा सापडावी, त्यामुळे निरोगी माणसालाही बरेच ठिपके दिसत नाहीत. बाबांना हे माहीत नव्हते. मिनिटभर काही दिसले नाही की त्यांची छाती धडधडे, मग ते अंदाजाने बटण दाबत, यंत्र ती चूक नोंदवी आणि तपासणी विश्वासार्ह नाही म्हणून पुन्हा करावी लागे. दोनदा असे झाल्यावर एका तंत्रज्ञ मुलीने त्यांचे डोके बाजूला घेऊन विचारले, “आजोबा, तुम्ही घाबरताय का?” बाबा म्हणाले, “मला निम्मे दिवे दिसत नाहीत, पोरी.” ती म्हणाली, “ते दिसायचेच नसतात. शंका आली तर दाबू नका. पापणी मिटलीत तरी चालेल. दमलात तर बटण दाबून धरा, यंत्र थांबतं.” यंत्र थांबवता येते, ही बातमी बाबांना इतकी मोलाची वाटली की त्या दिवशीच्या अहवालात त्यांची नजर आधीपेक्षा बरी निघाली. अर्थात नजर तीच होती.

तिनेच त्यांना थेंब घालायला शिकवले. आम्ही सगळे इतके दिवस बाटलीतले अर्धे औषध गालावर सांडत होतो. खालची पापणी बोटाने ओढून खळगा करायचा, बाटलीचे तोंड पापणीला लागू द्यायचे नाही, एकच थेंब पुरतो, मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा मिनिटभर हलकेच दाबून धरायचा म्हणजे औषध नाकात आणि घशात उतरत नाही, दोन निरनिराळे थेंब असतील तर मध्ये पाच मिनिटे जाऊ द्यायची, आणि फोडलेली बाटली महिन्यानंतर औषध उरले असले तरी फेकायची. तिने हे सांगितले आणि बाबांकडून पाण्याच्या बाटलीने करवून घेतले. बाहेर लोक खोळंबले होते आणि दारातून कोणीतरी दोनदा डोकावून गेले.

आता बाबांची दर चार महिन्यांनी तपासणी असते. नाव नोंदवायला फोन केला की ते आधी ती मुलगी कोणत्या वारी कामावर असते ते विचारतात. सध्या ती मंगळवारी आणि शुक्रवारी असते. मंगळवारी त्यांचे नेहमीचे डॉक्टर नसतात, दुसरेच असतात, हे मी दोनदा त्यांच्या लक्षात आणून दिले. “असू दे,” म्हणाले, “मंगळवारचीच घे.”